दिंडीत जोडीदार कोण?

आषाढी वारीला माझे दोन रुग्ण, साडू-साडू, जोडीने निघाले. दोघेही मधुमेही. थोरल्याला वाटेत दरदरून घाम फुटला, हात कापू लागले, तेव्हा धाकटा मैलभर पुढे!

आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. दिंडीप्रमुखांनी जोड्या चाल पाहून लावाव्यात. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेतले आणि न्याहारी लांबली, की रक्तातील साखर उतरते. रुग्ण असंबद्ध बोलतो, ‘मला काही झालेले नाही’ म्हणून चिडतोही. जोडीदाराने वाद न घालता त्याला खाली बसवावे, तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी. पंधरा मिनिटांत फरक न पडल्यास पुन्हा द्यावी. बेशुद्धाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. साखरेची पुडी दोघांच्याही पिशवीत हवी.