न बनवलेल्या पदार्थाचे गुणधर्म

ग्रॅफाइटचा कण चिकटपट्टीवर ठेवा. पट्टी दुमडा, उघडा, पुन्हा दुमडा. दर वेळी डाग फिका होतो, कारण ग्रॅफाइटचे थर सुटत जातात. मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोवोसेलॉव्ह यांनी याच युक्तीने कार्बनचा एका अणूइतक्या जाडीचा थर मिळवला. २००४ साली जगापुढे आलेले हे ग्रॅफीन. एक मिलिमीटर जाड ग्रॅफाइटमध्ये असे सुमारे ३० लाख थर असतात.

नंतर इतर अतिपातळ पदार्थही मिळाले. त्यांतलेच मॅक्सीन २०११ मधले. त्यात धातू असतो, कार्बन किंवा नायट्रोजन असतो आणि पृष्ठभागावर ऑक्सिजन, फ्लोरिन यांसारखे अणू चिकटलेले असतात. घटक बदलत गेलो की हजारो प्रकार होतात. यातला कोणता वीज वाहून नेईल, कोणता अर्धवाहक असेल? प्रत्येक बनवून पाहणे अशक्य. गणिताने उत्तर काढता येते, पण काटेकोर गणिताला संगणकाचा फार वेळ लागतो.

मग काय करायचे? ठाणे-कल्याण मार्गावरची धिमी लोकल आठवा. कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली करत ती जाते. वेळापत्रकातून स्थानकांच्या दहा-बारा जोड्या घेऊन मुलांना अंतर आणि वेळ यांचा आलेख काढू द्या. आता न दिलेल्या जोडीला किती वेळ लागेल ते विचारा. उत्तर बरेच जवळ येईल. मात्र जलद लोकलला हा नियम फसतो. कुणीतरी म्हणेलच, “सर, थांबेही मोजायला हवेत!” थांबे धरले की अंदाज सुधारतो.

यंत्र-शिक्षण म्हणजे हेच. ‘अंतर’ आणि ‘थांबे’ यांच्या जागी अणूंचे गुणधर्म येतात. माहीत असलेल्या उदाहरणांवरून संगणक संबंध शोधतो. कोणती माहिती पुरवायची, हे बहुतेक वेळा माणूसच ठरवतो.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभिषेक सिंग आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली २३,८७० मॅक्सीनांचा माहितीसंच घेऊन असे काम प्रसिद्ध केले. इलेक्ट्रॉन मोकळा होऊन वीज वाहू लागण्यासाठी जी ऊर्जा लागते, ते ‘ऊर्जा-अंतर’. केवळ ७६ मॅक्सीनांचे ऊर्जा-अंतर त्यांनी अतिकाटेकोर गणिताने काढले आणि त्यावर संगणकाला शिकवले. अंदाजातली चूक साधारण ०.१४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट होती. सिलिकॉनचे ऊर्जा-अंतर सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, यावरून तिची कल्पना येईल.

पण सावध राहायला हवे. ठाणे-कल्याण पट्ट्यात शिकलेला नियम कसारा घाटात लावून चालणार नाही, कारण आपल्या आकड्यांत चढ नव्हताच. यंत्रही न पाहिलेल्या प्रकारच्या पदार्थाबद्दल तितक्याच ठामपणे चुकू शकते. म्हणून त्याने निवडलेले मोजके पदार्थ प्रयोगशाळेत तपासावेच लागतात.

वर्गातही दोन जोड्या आधीच झाकून ठेवा आणि शेवटी उघडा. अंदाज किती चुकला, हे मुलांनाच मोजू द्या.