चालायचं, पण जायचं कुठे?

प्रसारण : शुक्रवार, २२ जानेवारी २०२१

संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. एरवी या दिवसांत आपण हॉल भाड्याने घेऊन, नटूनथटून वाण लुटायला जमलो असतो. २०२१ मध्ये ४ जानेवारीला तेव्हाच्या पंतप्रधानांनी पुन्हा लॉकडाऊन जाहीर केला आणि तेही राहिलं.

आजचा विषय एका फोनवरून सुचला. मागच्या कार्यक्रमानंतर एका ताईंनी फोन केला होता. त्यांच्या आई मार्च २०२० च्या सुरुवातीला मुलीच्या बाळंतपणासाठी सांगलीहून आल्या, सहा महिन्यांच्या बेताने. मग विमानं बंद झाली. मे महिन्यात ‘वंदे भारत’ची विमानं सुटू लागली, पण काकूंना मधुमेह आणि ब्लड प्रेशर. एवढा प्रवास आत्ता नको, म्हणून मुलीने व्हिसाची मुदत वाढवून घेतली. डिसेंबरअखेरचं तिकीट काढलं, तर विषाणूच्या नव्या प्रकारामुळे २२ डिसेंबरला भारताने इथून जाणारी विमानंच थांबवली. मधल्या काळात सांगलीत काकूंचे थोरले भाऊ गेले. शेवटचं दर्शन फोनच्या पडद्यावर.

ताई म्हणाल्या, “आई रडत नाही, चिडत नाही. नुसती खिडकीशी बसून असते. विचारलं तर म्हणते, मला काही झालं नाही, पाय दुखतात फक्त. जरा फिरून ये म्हटलं, तर म्हणते, चालायला चालेन गं, पण जायचं कुठे?”

काकूंचा हा प्रश्न मला फार बरोबर वाटला. आज त्यावरच बोलू या.

सांगलीत काकू कधी ‘व्यायाम’ करत नव्हत्या. सकाळी गणपतीच्या देवळात जायच्या, येताना भाजी घ्यायच्या. दुपारी गच्चीवर वाळवण, संध्याकाळी भिशी नाहीतर भजनी मंडळ. दिवसातून चार वेळा जिना. त्यांच्या दिवसात चालणं होतं, पण प्रत्येक चालण्याला एक ठिकाण होतं आणि त्या ठिकाणी ओळखीचं माणूस होतं. इथे ठिकाणं गेली, माणसं गेली, म्हणून चालणंही गेलं. अशा बाईला “तीस मिनिटं फिरून ये” म्हणणं म्हणजे पत्ता नसलेलं पत्र टाकायला सांगण्यासारखं आहे.

आणि हे फक्त काकूंचं नाही. आपलंही तेच झालं. मार्च २०२० पूर्वी आपण स्टेशनपर्यंत चालायचो, ट्यूबचे जिने चढायचो, मुलांना शाळेत सोडायचो, गणपतीच्या दिवसांत नाटकाच्या तालमीला जायचो. त्यातलं काहीच आपण व्यायाम म्हणून मोजलं नव्हतं. लॉकडाऊनमध्ये पलंगापासून लॅपटॉपपर्यंत दहा पावलं. संध्याकाळी पाचला टीव्हीवर पत्रकार परिषद, मग व्हॉट्सअॅपवर भारतातल्या बातम्या, मग रात्री डोळे टक्क उघडे.

अशा न मोजलेल्या हालचालीला किती किंमत असते, हे पहिल्यांदा नीट दाखवलं गेलं ते इथेच, लंडनमध्ये. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या डबल डेकर बसवरच्या हजारो कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला आणि १९५३ मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ड्रायव्हर दिवसभर बसून. कंडक्टर तिकिटं फाडत दिवसभर वरखाली, शेकडो पायऱ्या. बस तीच, रस्ते तेच. पण हृदयविकार कंडक्टरांमध्ये स्पष्टपणे कमी आढळला. त्यातला एकही कंडक्टर जिममध्ये जात होता म्हणून नव्हे. कामाने त्याला चालतं ठेवलं होतं.

हे झालं हृदयाचं. मनाचं काय?

काळजी वाटते तेव्हा शरीर पळायची किंवा लढायची तयारी करतं. छातीत धडधड, श्वास वरवर, मान आणि खांदे आखडलेले. समोर बैल आला असता तर ही तयारी कामी आली असती. पण आपण सोफ्यावर बसून आकडे बघत असतो. तयारी तशीच अंगात राहते आणि दिवसाअखेर आपण काहीही न करता थकलेले असतो. भरभर चालण्याने ती तयारी वापरली जाते. चालून आल्यावर श्वास खाली उतरतो, स्नायू सैल होतात. शिवाय चालताना धडधड वाढली तरी काही वाईट होत नाही, हे शरीराला रोज कळत जातं, त्यामुळे एरवीच्या धडधडीची भीतीही कमी होते.

दुसरी गोष्ट उजेडाची. २२ जानेवारीच्या सुमारास लंडनमध्ये सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि साडेचार झाले की मावळतो. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचं घड्याळ लागतं आणि रात्री झोप वेळेवर येते. ढगाळ दिवसाचा बाहेरचा उजेडसुद्धा घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी जास्त असतो. मात्र ड जीवनसत्त्वासाठी या उन्हावर विसंबू नका. ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत इथलं ऊन त्याला पुरत नाही, म्हणून रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी घ्यावी असा इथला सरकारी सल्ला आहे. आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांनी ती वर्षभर घेण्याचा विचार करावा, असंही त्यात म्हटलंय.

तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मन उदास असलं की आपण म्हणतो, “जरा बरं वाटलं की उठेन.” पण उदासीत बरं वाटणं आधी येत नाही. थोडं उठल्यावर, थोडं काही केल्यावर ते मागून येतं. म्हणून मूडची वाट बघायची नाही, घड्याळाची बघायची. अकरा वाजले की बूट घालायचे, मन असो वा नसो.

याला आधार आहे. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात पन्नाशीपुढच्या १५६ नैराश्यग्रस्त माणसांचे तीन गट केले. एकाला औषध, एकाला आठवड्यातून तीनदा व्यायाम, एकाला दोन्ही. १९९९ मध्ये छापलेला निष्कर्ष असा की औषधाने सुरुवातीला लवकर उतार पडला, पण १६ आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारख्याच पायरीवर होते. यावरून कुणी आपली गोळी बंद करू नका! ती डॉक्टरांना विचारूनच कमी करायची. आणि एक लक्षात घ्या, त्या अभ्यासातला व्यायाम देखरेखीखाली आणि चारचौघांबरोबर होता. एकट्याने खोलीत हात-पाय हलवण्यापेक्षा ते वेगळं.

मग करायचं काय? नियम तर होतेच. जानेवारी २०२१ मध्ये इंग्लंडमध्ये दिवसातून एकदा व्यायामासाठी बाहेर पडता येत होतं, आपल्याच भागात. घरच्यांबरोबर जाता येत होतं, किंवा एकटे असाल तर दुसऱ्या घरातल्या एका व्यक्तीबरोबर, दोन मीटर अंतर ठेवून. ‘शिल्डिंग’मध्ये असलेल्यांनाही व्यायामासाठी बाहेर पडायला मनाई नव्हती. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये आपापले नियम होते.

आधी चालण्याला ठिकाण द्या. कोपऱ्यावरची लाल पोस्टाची पेटी हे उत्तम ठिकाण आहे. रोज एक पत्र, एक कार्ड. या आठवड्यात तिळगुळाच्या पुड्या पाकिटात घालून मैत्रिणींना पाठवा, पण एका दिवशी एकच पाकीट टाका. दूध संपेल तेवढंच आणा, म्हणजे परत जावं लागेल. नातवाला बाबागाडीतून ठरावीक झाडापर्यंत नेऊन आणा. त्या झाडाला पालवी कधी फुटते ते काकूंनी सांगायचं, ही त्यांची जबाबदारी.

मग चालण्याला सोबत द्या. हिवाळ्यात इथे दुपारी दीड वाजतो तेव्हा भारतात संध्याकाळचे सात वाजलेले असतात. त्या वेळी सांगलीतल्या बहिणीला फोन लावायचा. तिने गच्चीवर चालायचं, हिने इथल्या फुटपाथवर. बोलता बोलता वीस मिनिटं कशी गेली कळत नाही. बोलता येतंय पण गाता येत नाही इतपत वेग असावा, हेच मध्यम श्रमाचं माप. मोठ्या माणसांनी आठवड्याला असे १५० मिनिटं श्रम करावेत असा सल्ला आहे. पण सुरुवात दहा मिनिटांनी झाली तरी चालेल. काहीच नसण्यापेक्षा थोडं केव्हाही बरं.

एप्रिल २०२० मधले कॅप्टन टॉम मूर सगळ्यांना आठवत असतील. शंभरावा वाढदिवस जवळ आलेला, हातात वॉकर. बागेत शंभर फेऱ्या मारून एनएचएससाठी हजार पौंड जमवायचे होते; ३ कोटी २० लाखांहून जास्त जमले. सेंट ऑल्बन्सचे दबिरुल इस्लाम चौधरी, तेही शंभर वर्षांचे, रमजानचे रोजे असताना बागेत फेऱ्या मारत राहिले आणि करोनाग्रस्तांसाठी लाखो पौंड उभे राहिले. दोघांची बाग तेवढीच होती. फेरी कुणासाठी मारायची ते मात्र ठरलेलं होतं.

पाऊस-बर्फ असेल तर घरात. पासष्टीपुढच्यांसाठी तोल आणि पायांची ताकद सर्वात मोलाची. हात न टेकता खुर्चीतून उठायचं, बसायचं, पाच वेळा. जमत नसेल तर हात टेका. कणीक मळून झाली की ओट्याला धरून टाचा वर-खाली, दहा वेळा. बाहेर जाताना मोज्यांवर चपला नकोत, बूट घाला. हिवाळ्यात फुटपाथ निसरडे असतात. मुलांना तर रोज तासभर हालचाल लागते. आजीने त्यांना मंगळागौरीचे खेळ शिकवावेत. झिम्मा, पिंगा, आगोटा-पागोटा. दहा मिनिटांत आई-बाबासुद्धा घामाघूम होतात. खालच्या मजल्यावर शेजारी असतील तर मात्र आधी कल्पना द्या.

आणि आपला सूर्यनमस्कार. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी तो आपल्या संस्थानातल्या शाळाशाळांत नेला. त्यांचं सूर्यनमस्कारांवरचं इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनमध्येच छापलं गेलं, म्हणजे या देशाला तो आपल्या आधीपासून माहीत आहे. रथसप्तमीच्या बरोबर चार आठवडे आधी सुरुवात करा. पहिल्या आठवड्यात रोज दोन नमस्कार घाला, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात आठ. रथसप्तमीला बारा. ब्लड प्रेशर, काचबिंदू, गुडघे किंवा मणक्याचा त्रास असेल तर वाकण्याआधी डॉक्टरांना विचारा. खुर्चीत बसून हात वर-खाली केले तरी सूर्याला पोचतात.

ज्यांना करोना होऊन गेलाय, त्यांनी घाई करू नये. चालल्यावर दुसऱ्या दिवशी अंगातलं त्राण गेल्यासारखं वाटत असेल तर तो आळस नव्हे. तिथेच थांबा, कमी करा, जीपीशी बोला. छातीत दुखलं किंवा बसल्या जागी धाप लागली तर ९९९.

शेवटचं, आणि जरा जपून सांगतो. चालण्याने भावाचं जाणं भरून येत नाही. तेरावं इथे बसून केलं, खांदा देता आला नाही, याचं दुःख आपल्यातल्या अनेक घरांत आहे. ते आजार नाही; त्याला वेळ आणि बोलायला माणूस लागतं. पण दोन-दोन आठवडे जेवण जात नसेल, झोप नसेल, कशातच जीव लागत नसेल, “मी कशाला राहिले” असे शब्द येत असतील, तर ते पायदुखी म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडची मोठी माणसं मनाचं दुखणं बऱ्याचदा पाय, पाठ, पोट याच शब्दांत सांगतात. पाहुणे म्हणून आलेल्यांनाही जीपीकडे नोंदणी करता येते, आणि मराठी दुभाषी मागता येतो, त्याचे पैसे पडत नाहीत. जीपीकडे नोंद असेल तर इंग्लंडमध्ये बोलण्याच्या उपचारांसाठी स्वतःच नाव देता येतं. आत्ता, या क्षणी कुणाशी बोलावंसं वाटलं तर समॅरिटन्सचा ११६ १२३ हा क्रमांक दिवसरात्र आणि मोफत चालू असतो.

परवा त्या ताईंचा पुन्हा फोन आला. काकू आता रोज दीड वाजता पोस्टाच्या पेटीपर्यंत जातात, बहिणीशी बोलत बोलत. पेटीपाशी जरा वेळ उभ्या राहतात. भावाच्या आठवणी काढून दोघी कधी रडतात. ताई म्हणाल्या, “निदान आता रडते तरी.” पाय अजून दुखतात. पण काल त्यांनी विचारलं म्हणे, पेटीच्या पलीकडे काय आहे?

तर मंडळी, उद्या तुम्ही कुठपर्यंत जाणार ते आज रात्रीच ठरवा. आणि बरोबर फोनवर कोण असणार तेही. काळजी घ्या. नमस्कार.