न्याहारीचं चीज आणि बुंदेलखंडाचं दूध

निमशहरी गावात ग्रिल्ड चीज सँडविचचं दुकान निघालं की प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. तरुण मंडळी गर्दी करतात आणि वडीलधारी 'आता न्याहारीसुद्धा विलायती झाली' म्हणून हळहळतात. बुंदेलखंडातल्या झाशी जिल्ह्यातलं मऊरानीपूर समोर ठेवून ही हळहळ तपासण्यासारखी आहे. झाशीपासून साठ-पासष्ट किलोमीटरवर, माणिकपूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं हे जुनं व्यापारी गाव. आल नावाच्या झाडाच्या मुळांनी रंगवलेल्या लाल खारवा कापडासाठी ते एके काळी दूरवर प्रसिद्ध होतं; पुढे शेजारच्या रानीपुरात टेरिकॉट विणलं जाऊ लागलं. नवा धागा मागावर चढवणाऱ्या या मुलखाला पावातलं चीज झेपणार नाही, असं मानायला काही आधार नाही. तेव्हा पदार्थ कुठून आला यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. तव्यावर वितळतंय ते खरोखर चीज आहे का, एवढाच प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच कुणी विचारत नाही.

परंपरेचा मुद्दा आधी निकालात काढू. या भागात सकाळी पोहे-जिलेबी, समोसे, कचोरी चालते. माळव्यात आणि आसपास पोहे मराठ्यांच्या मागोमाग आले असं मानलं जातं. झाशीवर नेवाळकर या मराठी घराण्याचं राज्य होतं हे लक्षात घेतलं तर इथे ते नवल नाही. जिलेबीचं मूळ पश्चिम आशियातल्या जलाबियात सापडतं. समोशाचा पूर्वज 'संबुसा' म्हणून 'आईन-ए-अकबरी'त नोंदलेला आहे, आणि आज त्याच्या पोटात असतो तो बटाटा दक्षिण अमेरिकेतला. म्हणजे जी थाळी परंपरा म्हणून पुढे केली जाते, तिच्यातला प्रत्येक पाहुणा वेगवेगळ्या काळी येऊन घरचा झाला आहे. चीजला मात्र दारातच थांबवायचं, हा न्याय कसला?

शिवाय ग्रिल्ड चीज हा पदार्थ त्याच्या मायदेशीही फार पुरातन नाही. स्वित्झर्लंडमधल्या थून इथे १९११ मध्ये गेर्बर आणि स्टेट्लर यांनी चीज वितळवून टिकाऊ करण्याची रीत बसवली, १९१६ मध्ये अमेरिकेत जेम्स क्राफ्टने आपल्या रीतीचं पेटंट घेतलं, आणि १९२८ मध्ये मिसुरी राज्यातल्या चिलिकॉथी गावात ओटो रोवेडरच्या यंत्राने कापलेला पाव विकायला आला. ही सोय झाल्यावर ग्रिल्ड चीज अमेरिकेत घरोघरी पोचलं, तेही मुख्यतः दुपारच्या जेवणात टोमॅटो सूपबरोबर. आपल्याकडे १९६५ मध्ये सरकारने मॉडर्न बेकरीज काढली आणि स्लाइस ब्रेड शहरोशहरी गेला. मुंबईने त्यात हिरवी चटणी, उकडलेला बटाटा, बीट, काकडी घातली, लांब दांड्याच्या टोस्टरमध्ये दाबून शेगडीवर भाजलं आणि वर चीज किसून डोंगर रचला. हे सँडविच मुंबईकर बहुधा संध्याकाळच्या भुकेला खातो. सकाळी आठला ते खाणं ही खरी नवी गोष्ट. त्यात विलायतीपेक्षा मुंबईच जास्त आहे, असं माझं मत.

आता वितळण्याकडे वळू. पनीर तव्यावर खरपूस होतं, पण वितळत नाही. तापवलेलं दूध आंबट पदार्थाने फाडलं की त्यातली प्रथिनं एकमेकांना घट्ट धरून बसतात. विकराने विरजलेल्या चीजमध्ये प्रथिनांची जाळी कॅल्शियमने बांधलेली असते. उष्णतेने ती सैल होते आणि चीज ओघळतं. प्रोसेस्ड चीजमध्ये सायट्रेट, फॉस्फेट असे क्षार घालून त्या कॅल्शियमचा काही भाग बाजूला काढतात, त्यामुळे तूप न सुटता मऊ, एकजीव वितळ मिळते. इथवर सगळं दूधच आहे. गोम पुढे आहे. पाम तेल, स्टार्च आणि थोडं दुग्धप्रथिन यांतून हुबेहूब तसाच ताणला जाणारा पदार्थ बनतो आणि तो बराच स्वस्त पडतो. त्याला 'चीज' म्हणून विकायला अन्नसुरक्षेचे नियम मनाई करतात. पाकिटावर त्याची खरी ओळख छापावी लागते. पण गिऱ्हाइकासमोर येते ती ताटली, पाकीट नव्हे. फोटोतली लांबच लांब तार शुद्धतेचा पुरावा नाही. नकली मालही छान ताणला जातो.

आरोग्याचा आक्षेप मात्र हलका नाही. शंभर ग्रॅम प्रोसेस्ड चीजमध्ये सुमारे २० ग्रॅम प्रथिनं आणि पाव हिश्श्याच्या आसपास स्निग्धांश असतो. दोन स्लाइस, म्हणजे ४० ग्रॅम, घेतले तर प्रथिनं ८ ग्रॅम मिळतात, पण मीठही सव्वा ग्रॅमच्या आसपास पोटात जातं. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमची आहे. पाव आणि लोण्यातलं मीठ वेगळंच. रोज खायचा हा पदार्थ नव्हे. तरी पाकात बुडालेल्या जिलेबीने त्याला उपदेश करू नये. किमतीचं म्हणाल तर, एक किलो चीजला गायीचं साधारण १० लिटर दूध लागतं, म्हशीचं त्याहून कमी. या हिशेबात खरं चीज पोह्यांच्या भावात मिळणं शक्यच नाही. फार स्वस्त चीज सँडविच दिसलं तर खूश होण्याआधी शंका घ्यावी.

आणि म्हणूनच मऊरानीपूरचा विचार करताना पावापेक्षा दुधाकडे बघावंसं वाटतं. बुंदेलखंडात पाऊस बेभरवशाचा, चाऱ्याची टंचाई एवढी की भाकड गुरं मोकाट सोडण्याची 'अन्ना प्रथा' शेतकऱ्यांच्या बोकांडी बसली आहे. त्याच झाशीत १९६२ पासून भारतीय गवताळ भूमी व चारा संशोधन संस्था आहे. तिथे भदावरी म्हशीवर काम झालं आहे. या जातीच्या दुधात ८ टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहूनही बरंच जास्त स्निग्धांश असतो. २०१९ मध्ये सुरू झालेली, बायकांच्या मालकीची 'बलिनी' ही दूध उत्पादक कंपनी याच भागातल्या गावांतून दूध गोळा करते. म्हशीच्या दुधाचं चेडर मुरायला वेळ घेतं आणि कोरडं होतं, हे खरं. पण मोझरेला तर इटलीत मूळचं म्हशीच्याच दुधाचं. ते मुरवावं लागत नाही. विकराने विरजायचं, दही आंबू द्यायचं, गरम पाण्यात ताणायचं, की झालं. एखाद्या छोट्या डेअरीच्या आवाक्यातलं काम आहे. नकली चीज बाजारात सर्वांत जास्त सोंग घेतं तेही मोझरेलाचंच, हा योगायोग सोडून देण्यासारखा नाही. अशा दुकानाने गुजरातेतून किंवा महाराष्ट्रातून ठोकळे मागवण्याऐवजी तालुक्यातल्या म्हशींचं दूध वापरलं, तर त्या न्याहारीला परकी म्हणायला कुणाची जीभ वळणार नाही.

झाशीहून खजुराहोला जाणारे मराठी प्रवासी या गावावरूनच पुढे जातात. सकाळी इथे किंवा वाटेत कुठेही ग्रिल्ड चीज मागवलंत, तर आधी पाकीट दाखवायला सांगा. दाखवलं तर निवांत खा. टाळाटाळ झाली तर पोहे मागवा.