यकृताची पुनर्घडण : पेशीतील ऊर्जेची पहिली हाक

मराठवाड्यातील खेड्यांत कावीळ उतरविण्यासाठी माळ घालण्याची रीत आजही आढळते. दिवस जातात, डोळ्यांचा पिवळेपणा ओसरतो आणि श्रेय माळेला मिळते. वस्तुतः रुग्णाला बरे करते ते उजव्या बरगड्यांखालचे यकृत. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांत आपोआप बरी होते, कारण नष्ट झालेल्या पेशींची जागा यकृत नव्या पेशींनी भरून काढते. हे सामर्थ्य कोठून येते आणि त्याला मर्यादा कोणत्या, हे प्रत्येक कुटुंबाने जाणून घेणे हिताचे आहे.

तूट भरून काढणारा अवयव

प्रौढ माणसाचे यकृत सव्वा ते दीड किलो वजनाचे असते. 1931 मध्ये हिगिन्स आणि अँडरसन या संशोधकांनी उंदरांच्या यकृताचा सुमारे दोनतृतीयांश भाग काढून निरीक्षण केले. सात ते दहा दिवसांत यकृत जवळजवळ मूळ वजनाला पोहोचते, हे अशा प्रयोगांतून सिद्ध झाले. कापलेला भाग पुन्हा उगवत नाही. उरलेला भाग मोठा होतो आणि शरीराच्या गरजेइतका झाला की वाढ थांबते.

एटीपीचा दुहेरी धर्म

एरवी शांत असलेल्या या पेशींना जागे कोण करते? या प्रश्नाच्या उत्तरात एटीपी, म्हणजे ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेट, या रेणूला महत्त्वाचे स्थान आहे. 1929 मध्ये जर्मनीत कार्ल लोमान यांनी आणि अमेरिकेत सायरस फिस्क व आंध्रचे सुपुत्र यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी तो स्वतंत्रपणे शोधला. पेशीची बहुतेक कामे याच रेणूतील ऊर्जेवर चालतात.

पेशीच्या आत एटीपी विपुल असते, बाहेर मात्र अत्यल्प. यकृताचा भाग काढला की आतड्यांकडून येणारे सारे रक्त उरलेल्या लहान भागातून वाहू लागते. या वाढलेल्या दाबाने व ताणाने पेशींतून एटीपी बाहेर पडते आणि शेजारच्या पेशींवरील विशिष्ट ग्राहकांना जाऊन चिकटते. मग त्या पेशींत कॅल्शियमच्या लहरी उठतात आणि विभाजनाची तयारी सुरू होते. आतले इंधन बाहेर आले की निरोप होते! प्रयोगात बाहेरचे एटीपी नष्ट केले, किंवा हे ग्राहक नसलेले उंदीर घेतले, तर पेशींची वाढ मंदावते. अर्थात ही एकमेव हाक नव्हे. वाढीला चालना देणारी इतर अनेक द्रव्येही पुढचे काम करतात.

घरातील निर्णयाचा प्रश्न

याच सामर्थ्यावर जिवंत दात्याकडून होणारे यकृत-प्रत्यारोपण उभे आहे. भारतात ते प्रथम 1998 मध्ये दिल्लीत यशस्वी झाले. प्रौढ रुग्णासाठी बहुधा दात्याच्या यकृताचा उजवा, निम्म्याहून मोठा भाग घेतला जातो. उरलेला भाग पहिल्या काही महिन्यांतच बराचसा भरून येतो. ‘मुलाने यकृत दिले तर तो जन्मभर अधू होईल का?’ या भीतीचे उत्तर येथे आहे. तरीही धोका शून्य नाही; दर हजार दात्यांमागे दोन ते पाच मृत्यू होतात, असा जगभरचा अंदाज आहे. म्हणून 1994 चा अवयव-प्रत्यारोपण कायदा दात्याच्या स्वेच्छेला महत्त्व देतो. औषधदान व अभयदान यांना श्रेष्ठ मानणाऱ्या घरांतही हे दान आग्रहाने मागू नये; ते समजून-उमजून दिलेले असावे.

मेद साचलेल्या यकृतात ही वाढ नीट होत नाही, म्हणून अशा दात्याला आधी वजन उतरविण्यास सांगतात. दीर्घकाळचे मद्यपान वा हिपॅटायटिस-बी यांमुळे यकृतात घट्ट तंतू माजले, तर पेशी वाढूनही अवयवाची मूळ घडण परत येत नाही.

म्हणून माळेवर विसंबून वेळ दवडू नये. काविळीसोबत गुंगी, असंबद्ध बोलणे, रक्तस्राव किंवा पोटफुगी दिसल्यास रुग्णाला त्याच दिवशी बीडच्या जिल्हा रुग्णालयात अथवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यावे. नवजात बालकाला हिपॅटायटिस-बीची लस जन्मानंतर चोवीस तासांच्या आत द्यावी. पाणी उकळून प्यावे. यकृत स्वतःला सावरते खरे, पण त्यासाठी त्याला वेळ मिळणे आवश्यक असते आणि तो वेळ मिळवून देणे घरच्यांच्या हाती असते.