साहेबांना विचारून सांगतो

नांदेड असो की लातूर, तहसील कचेरीत जा, बँकेत जा, जिल्हा परिषदेत जा. टेबलापलीकडून एक वाक्य हमखास येतं. ‘साहेबांना विचारून सांगतो.’ ऐकणारा वैतागतो, समोरचा कामचुकार आहे असं धरून चालतो. पण त्या बिचाऱ्यापाशी बहुतेकदा सांगण्यासारखं काही नसतंच. माहिती साहेबांकडे, सही साहेबांची, आणि चूक झालीच तर ती मात्र याच्या नावावर. मग कुठल्या जोरावर तो उत्तर देणार?

हे वाक्य मोडीत काढायचा एक मोठा प्रयोग याच मुलखात झाला, आणि तोही फार वाईट दिवसांत.

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जनाची रात्र उलटून गेली होती. पहाटेचे चार वाजायला काही मिनिटं असताना किल्लारीचा परिसर हादरला. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत मिळून जवळपास आठ हजार माणसं गेली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. जगात याहून मोठे धक्के कमी जीवितहानीवर निभावले आहेत. इथं घात केला घरांनीच. मातीत बसवलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती आणि वर माळवदाचा मातीचा भार. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच माळवद झोपलेल्या माणसांवर आलं.

पुढं ५२ गावं नव्या जागी वसली. त्याची चर्चा खूप झाली, फोटोही खूप निघाले. त्यामानानं दुसरं काम आडबाजूला राहिलं. हजाराहून अधिक गावांत तडे गेलेली, खिळखिळी झालेली सुमारे दोन लाख घरं दुरुस्त करून मजबूत करायची होती. जागतिक बँकेच्या मदतीनं राज्य सरकारनं कार्यक्रम आखला. मदत घरमालकाच्या हाती द्यायची, काम त्यानंच करून घ्यायचं आणि सरकारी अभियंत्यानं मार्गदर्शन करायचं. कागदावर झकास. गावात मात्र शेजाऱ्यांना नवं घर आणि आपल्याला डागडुजी, ही सल होती. भिंतींची धास्ती इतकी की घर उभं असूनही लोक बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये राहत. अभियंत्याची भाषा कळत नव्हती, आणि गवंड्याला जे येत होतं तेच तर पडलं होतं.

अशा वेळी सरकारनं लोकसहभागाचं काम प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेकडे सोपवलं. शहरातून पदवीधर कार्यकर्ते आणून गावोगाव नेमणं सोपं गेलं असतं. संस्थेनं तसं केलं नाही. गावातल्या महिला मंडळांमधून बायका पुढं आल्या आणि त्यांना नाव मिळालं, ‘संवाद सहायक’. भिंतीच्या दोन्ही अंगांना धरून ठेवणारे आरपार दगड का घालायचे, माळवदावरची माती का उतरवायची, मदतीचा पुढचा हप्ता कशानं अडतो, हे सगळं आधी त्या शिकल्या आणि मग घरोघरी सांगू लागल्या. गावाच्या तक्रारी अधिकाऱ्यांपर्यंत नेणाऱ्याही त्याच. एका गावच्या बायका दुसऱ्या गावी जाऊन काम पाहत, विचारत, परत येऊन करून बघत. संस्थेच्या नावातलं ‘स्वयं शिक्षण’ ते हेच.

इथं प्रमुखाची, म्हणजे संस्थेची, या बायकांना साथ कशात होती? पाठ थोपटण्यात नव्हे. कार्यालयात वाढदिवसाचा केक कापला की झालो आपण सहृदय, असं मानणारे साहेब हल्ली पुष्कळ आहेत; केकला कुणाची हरकत नाही. पण जिला उद्या गावासमोर उभं राहायचं आहे तिला आज पुरती माहिती हवी, अधिकाऱ्याच्या टेबलापर्यंत वाट हवी, आणि ‘मला हे कळलं नाही’ म्हणायची मुभा हवी. संस्थेनं या तीन गोष्टींची तजवीज केली. बोलणं बायकांवर सोडलं.

यातली मुभा सगळ्यात दुर्मीळ. अमेरिकेतल्या संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांमधल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला. जिथली प्रमुख चांगली, तिथं औषधं देण्यातल्या चुका कमी असतील, असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे निघाले. चांगल्या प्रमुखांच्या विभागांत चुका जास्त नोंदल्या गेल्या होत्या. उलगडा असा, की तिथं परिचारिका चूक लपवत नव्हत्या, सांगत होत्या. बाकी ठिकाणी वह्या स्वच्छ होत्या, एवढंच.

घरांच्या दुरुस्तीत दडवलेली चूक म्हणजे पुढच्या धक्क्याला पडणारी भिंत. ती वेळेत सांगणारं माणूस गावातलंच हवं, आणि सांगितल्यावर त्याला कुणी झापणार नाही याची त्याला खात्री हवी.

दुरुस्तीचं काम संपलं, पण बायका घरी बसल्या नाहीत. बचत गट झाले, पुढं दुष्काळी शिवारात घरच्या अन्नासाठी एक एकर बाईच्या हाती, असा शेतीचा प्रयोग उभा राहिला. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक संस्थेला मिळालं. प्रेमा गोपालन २०२२ मध्ये गेल्या.

त्याच्या कितीतरी आधी, २६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरलं होतं. तेव्हा घरं परत कशी उभी करायची हे तिथल्या बायकांना सांगायला लातूर-उस्मानाबादच्या खेड्यांतल्या बायका गुजरातेत गेल्या होत्या.