पाणबुडीचे माहेर

दिवाळी आली की माहेरवाशिणी घरी येतात. आईची नजर लेकीच्या चेहऱ्यावरून फिरते आणि पत्रांतून न कळलेले दुखणे तिला क्षणात उमगते. पाणबुडीलाही असे एक माहेर असते. त्याचे नाव कोरडी गोदी.

हिची रचना तशी साधी. पाण्यालगत एक भला मोठा हौद, त्याला दार. पाणी आत घ्यायचे, पाणबुडी तरंगत आणायची, दार लावायचे आणि पंपांनी पाणी उपसायचे. तळाशी मापाने मांडून ठेवलेल्या ठोकळ्यांवर ती अलगद बसते. एरवी पाण्याखाली दडलेले तिचे अंग मग कारागिरांच्या हाती लागते.

ही तपासणी किती मोलाची, हे अमेरिकेतील पोर्टस्मथच्या आरमारी गोदीला विचारावे. पिस्काटाक्वा नदीच्या मुखाजवळ १८०० साली ती स्थापन झाली. ‘थ्रेशर’ ही अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी इथेच जन्मली आणि दुरुस्तीसाठीही इथेच आली. ९ एप्रिल १९६३ रोजी ती चाचणीसाठी बाहेर पडली आणि दुसऱ्याच दिवशी १२९ माणसांसह अटलांटिकच्या तळाशी गेली. त्यांत या गोदीचे कर्मचारीही होते. समुद्राचे पाणी वाहून नेणाऱ्या नळाचा सांधा फुटला असावा, असा तज्ज्ञांचा कयास झाला. एवढासा सांधा!

त्याच वर्षी अमेरिकन आरमाराने कडक नियम केले. पाण्याचा दाब सोसणाऱ्या प्रत्येक भागाची परीक्षा व्हायची आणि तिचा लेखी पुरावा राहायचा. या कसोटीला उतरलेली एकही अमेरिकन पाणबुडी पुढे बुडाली नाही.

पण वाचकहो, माहेरचे घरच जुने झाले तर? पोर्टस्मथची पहिल्या क्रमांकाची गोदी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. तिच्यात अलीकडच्या पाणबुड्या आणायच्या तर मोठ्या भरतीची वाट पाहायची, वर त्यांना तरंगत्या टाक्या बांधून उचलून धरायचे! म्हणून गोदीपुढे बंदिस्त जलाशय बांधण्याचे ठरले. त्यातील पाण्याची पातळी हवी तेवढी वाढवता येते. भरतीची मिनतवारी संपते. ११५ मीटर लांबीच्या ‘व्हर्जिनिया’ वर्गाच्या पाणबुड्या आत घेता याव्यात, यासाठी गोदी वाढवण्याचे सुमारे १७३ कोटी डॉलरचे कंत्राट २०२१ मध्ये दिले गेले.

एवढा पैसा हौदावर? असे कुणी म्हणेल. पण दुरुस्तीचा क्रमांक लागेना, म्हणून ‘बॉइसी’ या पाणबुडीचा बुडी मारण्याचा परवाना २०१७ साली संपला आणि ती वर्षानुवर्षे धक्क्याला बांधून राहिली. पाणबुडी असून पाण्याखाली जाण्याची मुभा नाही!

नवी पाणबुडी पाण्यात उतरते तेव्हा बँड वाजतो, छायाचित्रे निघतात. जुन्या पाणबुडीचा सांधा तपासणाऱ्या कारागिरासाठी कुणी बँड वाजवीत नाही. पण खोल काळोखात झोपी गेलेल्या खलाशाची झोप त्याच्याच भरवशावर असते.