मणी आणि मेळा

मणी ओवण्याचा छंद आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कुणा ना कुणाला असेल. नसेल, तर निदान दारावरचे मण्यांचे तोरण किंवा काचेच्या कपाटातला मण्यांचा पोपट तरी आपण पाहिलेला असेल. हा बायकांचा फावल्या वेळचा उद्योग, असे म्हणून आपण पुढे जातो. मीही पुष्कळ वर्षे तसेच म्हणत होतो. परंतु या एवढ्याशा मण्याचे ऋतूंशी आणि माणसांच्या भेटीगाठींशी फार जुने नाते आहे, आणि ते पाहायला खानदेशाबाहेर जावे लागत नाही.

आरंभ घरापासूनच करू. आमच्या थोरल्या काकू राहायला जळगावी; त्यांचे माहेर धुळ्याचे. मे महिन्याच्या सुटीत एरंडोल-पारोळ्यावरून जाणाऱ्या एस.टी.ने त्या माहेरी निघत, तेव्हा कपड्यांच्या आधी मण्यांचा डबा पिशवीत जाई. धुळ्यास दुपारची झाकपाक झाली, की चार घरच्या माहेरवाशिणी ओसरीवर जमत. कुणी सुरतेहून आलेली, कुणी भुसावळहून. प्रत्येकीजवळ एखादा नवा नमुना. तो कागदावर काढलेला नसे. 'दोन पांढरे, एक लाल, मग दोन्ही टोके हिरव्यातून आरपार' असा सगळा तोंडी हिशेब. मोजणी चुकली, की शेजारीण उसवायला लावी. पाऊस लागला, की बायका आपापल्या गावी परत. आणि नमुनेही त्यांच्याबरोबर चार गावी.

आता जळगाव जिल्ह्यातल्याच दुसऱ्या एका ठिकाणी चला. चाळीसगाव तालुक्यात, पाटणादेवीच्या डोंगराजवळ, पाटणे नावाचे गाव आहे. १९७०च्या दशकाच्या आरंभी पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी तेथे उत्खनन केले. दगडी हत्यारांबरोबर तेथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले. आडव्यातिडव्या रेघांची नक्षी कोरलेला कवचाचा एक तुकडाही मिळाला. काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा! खानदेशात शहामृग कोठून आला, असे आपण विचाराल. त्या काळी तो भारतात होता. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी भारतात सापडलेल्या अशा कवचांतील डीएनए तपासला आणि ही अंडी शहामृगाचीच, असे २०१७ साली सिद्ध केले.

शेती नाही, भांडी नाहीत, उद्याच्या जेवणाची शाश्वती नाही, आणि तरी माणूस मणी करीत बसतो, हे कसे? शिवाय काम सोपे नव्हे. आफ्रिकेतील कालाहारी वाळवंटातले सान लोक असे मणी परवापरवापर्यंत हाताने करीत आले. कवचाचे बारीक तुकडे करायचे, प्रत्येकाला टोकदार हत्याराने भोक पाडायचे, मग ते दोरीत घट्ट ओवून दगडावर घासायचे. सहाणेवर चंदन उगाळावे तसे ते घासत राहिले, म्हणजे कडा गोल होतात.

या सान लोकांमध्येच आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. पॉली विस्नर या मानवशास्त्रज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात त्यांच्यातल्या देवघेवीचा अभ्यास केला. पाऊसकाळात या लोकांच्या टोळ्या पांगत. कोरड्या दिवसांत बारमाही पाणवठ्यांपाशी एकत्र येत. अशा भेटींत मण्यांच्या माळा भेट दिल्या जात. परतफेड लगेच करायची नाही, हा रिवाज. देणे बाकी राहिले, म्हणजे नाते बाकी राहिले! पुढे एखाद्या वर्षी आपल्या भागात पाऊस झाला नाही, तर शंभर-दोनशे किलोमीटरांवरच्या त्या स्नेह्याकडे जाऊन राहता येई. तात्पर्य, मणी ही नुसती शोभा नव्हती. दुष्काळासाठी लावून ठेवलेला तो लोभ होता. पाटण्याच्या माणसालाही दुष्काळ आणि सोयरे दोन्ही ठाऊक असणारच.

आजच्या खानदेशात याच जातीचे दृश्य पाहायचे असेल, तर होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्याच्या पायथ्याशी जावे. चोपडा, यावल, शिरपूर या तालुक्यांत आणि पलीकडे नंदुरबार जिल्ह्यात त्या त्या गावच्या आठवडे बाजाराच्या दिवशी भोंगऱ्या भरतो. हा पळवून लग्ने करण्याचा बाजार, अशी एक वेडगळ समजूत शहरांत आहे. वस्तुतः तो होळीच्या खरेदीचा बाजार. ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला गेलेली पावरा-भिल्ल कुटुंबे होळीला घरी परततात. डाळ्या, साखरेचे हारकंगण, गुलाल यांची खरेदी होते, ढोल वाजतो. आणि गोणपाटावर काचेच्या मण्यांचे सर मांडलेले असतात.

मी तेथे तासभर उभा राहिलो. पोक्त बाया सुटे मणी निवडून घेत होत्या. तरुण मुली बहुधा प्लॅस्टिकच्या तयार माळा घेत होत्या. मुलींना दोष देण्याचे कारण नाही. तयार माळ स्वस्त असते, आणि मजुरीवरून आलेल्या मुलीला ओवीत बसायला वेळ कोठून मिळावा? पण सुटे मणी घेणारीला शेजारणीची माळ न्याहाळावी लागते, मोजणी विचारावी लागते. तयार माळेबरोबर ते विचारणेच संपते.

याची खूण माझ्या घरीच आहे. काकू गेल्या तेव्हा एक तोरण अर्धे राहिले. उरलेले मणी डब्यात होते. नमुना मात्र कुणालाच येईना. गेल्या मे महिन्यात मी ते धुळ्यास नेले. ओसरीवरच्या त्या बायकांपैकी एकच आजी आता गावात आहेत. त्यांना डोळ्यांनी कमी दिसते. त्यांनी तोरणावरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "अरे, हा नमुना मीच दिला होता तिला. आणि बघ, इथे एक मणी चुकलीय." मग माझ्या मुलीला जवळ बसवून त्यांनी मोजणी सांगायला आरंभ केला. चार दिवसांत वीतभर काम झाले. बाकीचे येत्या सुटीत.

आपल्याही घरी असा एखादा डबा माळ्यावर पडला असेल. तो पुसून ठेवू नका. पुढच्या सुटीत बरोबर घ्या आणि ज्या घरी मोजणी येणारे माणूस अजून आहे, तेथे जा.